अंगठ्याखालची नाडी

आई,

हे सगळं तुझ्यामुळे झालंय, हे आधी सांगून टाकते. तुझ्या नातवाने परवा स्वतःच्या हातातलं घड्याळ काढून त्याच्या मुलीच्या मनगटावर बांधलं, आणि तेव्हापासून आमच्या घरात कुणी सुखाने चहा प्यायलेला नाही. हा नातू तू पाहिलेला नाहीस. तू गेलीस तेव्हा तो माझ्या पोटातसुद्धा नव्हता. पण त्याचं वळण बघितलंस तर लगेच म्हणशील, हा माझाच. आता घड्याळं नाडी मोजतात, आई. मागच्या बाजूला हिरवा दिवा लुकलुकतो आणि पुढे आकडा येतो. बोट लावायला नको, मोजायला नको. असलं घड्याळ तुझ्या हाती लागलं असतं तर आपल्या अख्ख्या जासई गावाला तू अंथरुणावर पाडून ठेवलं असतंस.

पोरगी सात वर्षांची आहे. खाली सोसायटीच्या बागेत हुंदडून वर आली आणि सोफ्यावर कार्टून बघत बसली. घड्याळाने एकशे बारा दाखवलं. तुझा नातू पांढराफटक. "आई, वन ट्वेल्व्ह. नुसती बसलीये आणि वन ट्वेल्व्ह. माझं सिक्स्टी एट असतं." मी म्हटलं, अरे, ती लहान आहे, आत्ता खेळून आलीये, लहान मुलांचं जास्तच असतं. "किती जास्त?" त्याने विचारलं. ते मला सांगता येईना. मग त्याने मोबाइलवर शोधलं. मोबाइलवर शोधलं की माणूस एक तर ठणठणीत असतो, नाही तर शेवटच्या घटका मोजत असतो, मधलं काही तिथे मिळत नाही. सून ऑफिसातून यायच्या आत याने पोहण्याच्या क्लासला फोन करून मुलीचं नाव काढूनही टाकलं. तिची नवी टोपी आणि पाण्यातला चष्मा टेबलावर मांडून ठेवलेला. ती रडली नाही. "पप्पा, मला काही होतच नाहीये," एवढंच म्हणाली आणि तो चष्मा डोळ्यांवर चढवून तशीच कार्टून बघत बसली.

ते ऐकून माझं डोकं सणकलं, कारण ते वाक्य माझं आहे. मी ते तुझ्यासमोर म्हटलं होतं, आपल्या जुन्या स्वयंपाकघरात, सातवीत असताना.

तुला आठवत नसेल. मला लख्ख आठवतं. तालुक्याच्या धावण्याच्या शर्यतीसाठी शाळेतून माझी निवड झालीये आणि ते सांगायला मी शाळेपासून घरापर्यंत धावत आलेय. तू जवळा निवडत बसलीयेस. माझं ऐकून तुझा चेहरा एक क्षण फुलतो, आणि मग माझ्या छातीकडे तुझं लक्ष जातं. ती भात्यासारखी वरखाली होतेय. तू हात पदराला पुसतेस. "बस हितं. हात दे." मी मनातल्या मनात कपाळावर हात मारते आणि दुसरा तुला देते.

तुझी ती पद्धत मी आता कुणाला सांगितली तर लोकांना खोटी वाटते. बाबांना एकदा सडकून ताप आला होता, तेव्हा उरणहून येणाऱ्या डॉक्टरांनी त्यांची नाडी बघितली आणि तू विचारलंस, किती आसावी? ते म्हणाले, बहात्तर. संपलं. त्या माणसाने पुढे एखादं वाक्य जोडलं असतं, की हे मोठ्या माणसाचं, तेही साधारण, लहान पोरांचं वेगळं, तर माझं बालपण जरा बरं गेलं असतं. पण त्यांना शेवटची एसटी पकडायची होती. त्यांनी तुला एक आकडा दिला आणि तू तो देव्हाऱ्यात ठेवल्यासारखा जपलास. तान्हं मूल असो, म्हातारी असो, शिंगं उगारणारी म्हैस असो, सगळ्यांना बहात्तर. भिंतीवरच्या घड्याळाचा लाल काटा बारावर आला की तू मोजायला लागायचीस. तुझे बहात्तर होतात तोवर काटा फिरून पुन्हा बारावर यायला हवा. बहात्तर आधीच झाले तर "धावते". काटा आधी पोचला तर "मंद". शिक्षा दोन्हींना एकच, गूळपाणी पिऊन आडवं पडायचं.

आणि तो अंगठा. डॉक्टरांनी तीन बोटं ठेवली होती ते तू बघितलं होतंस की नाही, कोण जाणे. तू ठेवायचीस अंगठा. तुला जगातलं सगळंच अंगठ्याने कळायचं. बाजारात पापलेट उचलायचं, पोटावर अंगठा दाबायचा, खड्डा भरून आला तर घ्यायचं, नाही आला तर कोळणीच्या टोपलीत परत टाकून पुढे चालायला लागायचं. फणस अंगठ्याने, चिकू अंगठ्याने, भाकरीचं पीठ मळून झालं का तेही अंगठ्याने. तोच अंगठा आमच्या मनगटावर, आणि दाब असा की पंजाला मुंग्या यायच्या. तू डोळे बारीक करून काट्याकडे बघत ओठांतल्या ओठांत मोजायचीस, मध्येच थबकायचीस, जिभेने च्यक् करायचीस आणि पुढे मोजायचीस. त्या च्यक्ला घरात सगळे घाबरायचे. त्याचा अर्थ, चुकली.

तर त्या दिवशी माझी धावत होती आणि चुकतही होती. "धावून आले म्हणून धावतेय ना, आई."

"आनि मधी चुकते, ती कशानं?"

"मला काही होतच नाहीये."

"होतं तवा मानसाला कलत नाय," तू म्हणालीस आणि पुन्हा जवळा निवडायला लागलीस.

दुसऱ्या दिवशी तू बाबांना शाळेत पाठवलंस. ते बिचारे सरांसमोर टोपी काढून उभे राहिले आणि म्हणाले, हिच्या आईला हिची नाडी पटत नाही. माझ्या जागी जी मुलगी गेली तिला मी रोज मागे टाकत होते. ती तालुक्यात तिसरी आली, बिल्ला लावून शाळेत फिरली आणि मी प्रार्थनेच्या रांगेतून तो बिल्ला बघत उभी राहिले. त्यानंतर मी शर्यतीला कधी उभी राहिले नाही. बस सुटताना दिसली तरी मी धावत नाही.

बरं, डॉक्टरांनी कितीदा खोटं ठरवलं तुला. काकीच्या बाळाची पाचवी आठव. घर बायकांनी भरलंय, पाटावर पूजा मांडलीये, आणि तू बाळाच्या डोक्यावर वाकून त्याची टाळू उडते ती बघतेस, मग घड्याळ, मग टाळू. तिथे अंगठा लावायची सोय नव्हती म्हणून डोळ्यांनी मोजलंस आणि बहुधा आयुष्यात एकदाच बरोबर मोजलंस. "याची तं दुप्पट हाय," तू म्हणालीस. झालं. काकीने हंबरडा फोडला, पूजा तशीच राहिली, टेम्पो करून बाळाला पनवेलला नेलं. तिथले डॉक्टर म्हणाले, अहो, तान्ह्या बाळाची एवढीच असते, बहात्तर असती तर मी घाबरलो असतो. परत येताना टेम्पोत सगळ्या बायका तुझ्याकडे बघतायत आणि तू शांतपणे म्हणतेस, "डाक्टर नवीन हाय." ते बाळ आज जेएनपीटी बंदराच्या बाजूला दोन गोदामांचा मालक आहे आणि जिना चढताना मध्ये थांबतं. आता खरं तर त्याची नाडी बघायला हवी, पण आता कुणी बघत नाही.

आणि बाबांचं. मिठागरं गेली, शेतं गेली, कंटेनर यार्डात त्यांना काम मिळणार होतं आणि त्यासाठी मेडिकल होतं. सकाळी निघताना तू त्यांना दारात थांबवून मोजलंस आणि म्हणालीस, लय धावते, आज नका जाऊ. ते गेले. कंपनीच्या डॉक्टरने पंचावन्न सांगितली आणि वर पाठ थोपटली, म्हणाला, मिठागरात राबलेल्या माणसाचं हृदय आहे, थोड्या ठोक्यांत काम भागवतं, दणकट आहे. बाबा पेढे घेऊन आले. तू पेढ्याला हात लावला नाहीस. "बहात्तरातून पंचावन गेले, सतरा ऱ्हायले. सतरा ठोके गेले कुठं?" बाबा बूट काढत होते. मान वर न करता म्हणाले, "तुज्याकडं आसतील." आम्ही मुलं खदखदा हसलो. तू हसली नाहीस. सकाळी धावणारी नाडी दुपारी पंचावन्न कशी झाली, हे तेव्हा आमच्यापैकी एकालाही विचारावंसं वाटलं नाही. तुझं चुकलं, यात आम्हाला एवढा आनंद होता.

माझ्या लग्नात तू मला मनगटी घड्याळ दिलंस. बाकीच्या मावश्यांनी, आत्यांनी सोन्याची फुलं, पैंजण काय काय दिलं होतं. तू बाजूला घेऊन घड्याळ दिलंस आणि म्हणालीस, "सेकंदाचा काटा हाय त्याला. नवऱ्याची बगत जा." आई, त्या क्षणी माझा इतका संताप झाला होता की मी तुझ्याशी धड बोलले नाही. अंगावर शालू, हातभर हिरव्या बांगड्या, आणि तू मला कंपाउंडर करून सासरी पाठवतेयस. तुझे जावई अजून ती गोष्ट पाहुण्यांना सांगतात. पण बघत गेले मी. त्यांची बघितली, मुलाची बघितली, सासूबाईंची शेवटच्या दिवसांत बघितली. तुझी थट्टा करत करत बघितली, आणि अंगठ्यानेच बघितली, कारण मला दुसरी पद्धत कुणी शिकवलीच नव्हती. बेलापूरच्या ऑफिसात कुणाला घेरी आली की मलाच बोलावतात. मी अंगठा ठेवते, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघते, आणि लोक आदराने गप्प बसतात.

तुझी मात्र कुणी बघितली नाही. एकदा मी म्हटलं होतं, लग्नाच्या आधीच. घरात कुणी नव्हतं, तू भाकऱ्या थापत होतीस आणि थापता थापता भिंतीला टेकलीस. मी म्हटलं, आई, दमलीस का? दे हात, आज मी मोजते तुझी. "माजे हात पिठाचे हायेत," तू म्हणालीस. मी म्हटलं, धू की मग. "जा, पानी भर." तेव्हा मी तोंड वाकडं करून हंडा उचलला. बांगड्यांनी भरलेलं तुझं ते मनगट, कोपरापर्यंत पीठ, त्यात शिरायला तू कुणालाच जागा ठेवली नव्हतीस. आमच्या मनगटांवर मात्र तुझा रोजचा पहारा.

मग ते पनवेलचं हॉस्पिटल. माझ्या लग्नानंतर एका सकाळी तुझा उजवा हात लुळा पडला आणि तोंड वाकडं झालं. तिथल्या डॉक्टरांनी तुझ्या बांगड्या वर सरकवल्या, तीन बोटं ठेवली आणि दोनदा मोजलं. मग विचारलं, "नाडी फार अनियमित आहे यांची. कधीपासून?" बाबा म्हणाले, "नाय हो डाक्टर, नाडी तर तीच बगते आमची सगळ्यांची." त्यांना वाटलं, हे उत्तर आहे. मलाही वाटलं. चार दिवसांनी तू गेलीस. तुझ्या वयाला मी मागे टाकून आता कितीतरी वर्षं झाली.

हे सगळं पुन्हा उकरून काढायचं कारण, परवा संध्याकाळी. मुलाच्या घड्याळावर माझा विश्वास नव्हता म्हणून मी पोरीला जवळ घेतलं आणि स्वतः बघितली. माझा अंगठा, तिचं एवढंसं मनगट. धावत वगैरे नव्हती फारशी. पण चुकत होती. चालता चालता एक ठोका गायब, मग एक जोरात, मग पुन्हा नीट. थोड्या वेळाने पुन्हा तेच. माझ्या तोंडून आपोआप च्यक् निघालं. मुलगा समोर उभा. "काय झालं, आई?" मी म्हटलं, काही नाही, उद्या डॉक्टरकडे जाऊ. आत्तापर्यंत त्याला येडा म्हणत होते आणि आता त्याच्यापेक्षा मीच जास्त घाबरले होते. सात वर्षांची पोर, आई. आपल्या घरात सगळ्यांचीच चुकते असं तू म्हणायचीस, रक्तात हाय म्हणायचीस. म्हटलं, घ्या, आलं रक्तातून खाली.

खारघरलाच मुलांच्या डॉक्टर आहेत, तरुण मुलगी, भराभर बोलणारी. मुलाने मोबाइलवरचे आकडे काढून तिच्यापुढे धरले. तिने ते बघितलेही नाहीत. "सात वर्षांची ना? खेळून आल्यावर एकशे बारा म्हणजे काहीच नाही. शांत बसलेली असताना सत्तर ते एकशे दहाच्या आसपास चालतं. तान्हं बाळ असतं तर एकशे चाळीसला पण मी टेन्शन घेतलं नसतं. दहा-बाराची झाली की हळूहळू मोठ्यांसारखं, साठ ते शंभर. पोहायला लावा, दमसास वाढला की अजून खाली येईल." मुलगा म्हणाला, "पण घड्याळात..." ती म्हणाली, "घड्याळ तुमच्या मापाचं आहे. तिच्या हातावर बांगडीसारखं फिरतंय ते." मला एकदम स्वच्छ कळलं. लहान तांब्याने पिंप भरायचं तर खेपा जास्त होणारच. एवढी साधी गोष्ट त्या एसटी पकडणाऱ्या डॉक्टरने सांगितली असती तर मी उरणला तालुक्याच्या शर्यतीत धावले असते.

पण मला जे विचारायचं होतं ते राहिलंच होतं. मी म्हटलं, डॉक्टर, धावण्याचं जाऊ दे, हिची मध्ये चुकते, मी स्वतः बघितलीये. तिने पोरीच्या छातीला नळी लावली, पुढून, मागून, श्वास धरायला लावून, बराच वेळ ऐकलं. "एकदम रेग्युलर आहे. तुम्ही कशी बघितली, दाखवा." मी दाखवली. ती म्हणाली, "अंगठा नाही, काकू. अंगठ्याला स्वतःची नाडी असते. दाबून धरलं की समोरच्याची नाही, आपलीच लागते." मग पोरीला तीन बोटं कशी ठेवायची ते तिने शिकवलं, हसत खेळत. मुलगा मोठ्याने हसला. "म्हणजे आई, तू इतकी वर्षं स्वतःचीच मोजतेयस." तो इतका हलका झाला होता की पोरीला घेऊन लगेच बाहेर गेला, पोहण्याच्या क्लासला फोन करायला. मीही उठले. डॉक्टर हसली नव्हती. "काकू, बसा जरा," ती म्हणाली. "तुमचा हात द्या."

तिने तीन बोटं ठेवली. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिली. खोलीत पंख्याचा आवाज होता आणि बाहेरून मुलाचा, "हां मॅडम, नाव परत टाका." मग ती म्हणाली, "चुकते तुमची. कधीपासून?"

कधीपासून. तोच शब्द, आई. मला तिच्या टेबलावरचा लाकडी जिराफ दिसत होता आणि पनवेलच्या त्या डॉक्टरांची बोटं. ती सांगत होती, घाबरू नका, बऱ्याचदा साधंच निघतं, पण ईसीजी काढून घ्या, उशीर नको, आणि वेळेवर कळलं तर गोळ्या असतात, रक्ताची गाठ होऊ नये म्हणून एक असते, ठोके ताळ्यावर आणायची एक असते. मी मान डोलावत होते. माझ्या डोक्यात बाबा बूट काढत बसले होते. तुज्याकडं आसतील. ते धावणारे ठोके तुझे होते. माझे चुकलेले ठोके तुझे होते. माझं धावून आल्यावरचं हृदय बिचारं इमानाने धडधडत होतं आणि तू त्याच्यावर अंगठा दाबून स्वतःचं ऐकत होतीस. घरातला प्रत्येक माणूस, गोठ्यातली म्हैस, शेजारच्या बायका, सगळ्यांच्या अंगावर तू तुझं दुखणं मोजत फिरलीस, आणि दर वेळी अगदी बरोबर सांगितलंस, धावते, चुकते, झोपून राहा. फक्त माणूस चुकवलास. सकाळ-संध्याकाळ तू आम्हाला सांगत होतीस, आम्ही हसत होतो, डॉक्टर तपासून सांगत होते, यांना काही झालेलं नाही. खरंच नव्हतं झालं. कुणीतरी एकाने विचारायला हवं होतं, की बाई, तुमचा हात बघू.

रिक्षात मला रडू यायला हवं होतं, पण मला नुसता राग येत होता. अजून येतोय. तुला इतकं कसं कळलं नाही? बहात्तरचा आकडा एका फटक्यात पाठ झाला आणि तीन बोटं दिसली नाहीत? स्वतःच्या मनगटावर ठेवून बघितलंस का कधी? ठेवलंही असशील, आणि म्हणाली असशील, माजी पन तुमच्यासारकीच हाय. होतं तवा मानसाला कलत नाय, हे वाक्य मला ऐकवण्यापेक्षा स्वतःला ऐकवायचं होतंस. मला शर्यतीला जाऊ दिलं असतंस आणि स्वतः गूळपाणी पिऊन आडवी पडली असतीस तरी तुझा नातू तुला दिसला असता. इतका राग आला की रिक्षावाल्याने सुटे मागितले तर मी त्याच्यावरच खेकसले. पोरगी मधे बसली होती, तीन बोटं स्वतःच्या मनगटावर ठेवून, ओठ हलवत. मुलगा म्हणत होता, बघ आई, उगाच घाबरलीस. मी म्हटलं, हो रे.

आता पोरीचं काय सुरू झालंय ते ऐक. काल तिने वॉचमनची मोजली, लिफ्टमध्ये भेटलेल्या काकांची मोजली, आजोबांची मोजली आणि त्यांना सांगितलं, तुम्ही पास. तीन बोटांनी, हलक्या हाताने, दाबत नाही. एक गेली आणि दुसरी जन्माला आली, असं तुझे जावई म्हणतात. काल संध्याकाळी ती दोनदा माझ्याकडे आली. एकदा मी म्हटलं, फोनवर आहे. फोनवर कुणी नव्हतं. दुसऱ्यांदा म्हटलं, आधी अभ्यास.

हे पत्र मी ओट्याशी उभी राहून लिहितेय, भाकऱ्यांचं पीठ मळता मळता, मधे मधे हात पुसून. कागदावर पिठाची बोटं उठलीयेत. पाठवायचं कुठे हा प्रश्नच नाही. कपाटात तुझं ते घड्याळ आहे, बंद पडलेलं, त्याच्या डबीत घडी करून ठेवीन. मी अजून घरात कुणाला सांगितलेलं नाही, आई. डॉक्टरने दिलेली ईसीजीची चिठ्ठी पर्सच्या आतल्या कप्प्यात आहे. मुलाला वाटतं, सगळं निभावलं. आत्ता पोरगी पोहून आली, केस ओले, अंगाला त्या पाण्याचा वास, आणि ओट्यापाशी येऊन म्हणाली, "आजी, सगळ्यांची झाली. तुझी राहिली. हात दे."

मी म्हटलं, "माझे हात पिठाचे आहेत."

आणि ते माझ्याच कानावर पडलं. ती म्हणाली, "धू की मग."

तिला कुठलीही गोष्ट पोटात ठेवता येत नाही. एक जरी ठोका चुकला तरी जेवणाच्या आत बापाच्या कानावर जाईल. हे मला माहीत आहे. मी नळ सोडला, हात धुतले, आणि दिला.